'हाय टी'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका: उत्तर इंग्लंडातल्या लँकेशरमधल्या कापडगिरणी कामगारांच्या कुटुंबाची गोष्ट मराठीत आणते आहे. पाळी सुटल्यावर साडेपाचला घरी 'हाय टी' असतो. टेबलावर किपर, म्हणजे धुरी दिलेला हेरिंग मासा, पाव-लोणी आणि किटलीभर कडक चहा. मी 'संध्याकाळचं जेवण' लिहिलं, संपादकांनी ते 'शाही चहापान' केलं. शिवाय पुढे नैर्ऋत्य इंग्लंडातल्या डेव्हनमधला प्रसंग आहे, तिथे 'क्लॉटेड क्रीम'ला 'साय' चालेल का?

पानकी: 'शाही' आधी काढा. आपल्या हॉटेलांच्या जाहिरातींनी हा गोंधळ वाढवलाय. तिथे समोसे, सँडविच, पेस्ट्री मांडली की झाला 'हाय टी'. काकडीची सँडविच आणि तीन मजली तबक हा थाट 'आफ्टरनून टी'चा. तो १८४० च्या सुमारास सुरू झाला, श्रेय बेडफर्डची डचेस ॲना हिला देतात. रात्रीचं जेवण उशिरावर गेलं होतं, मधली भूक भागवायला हे खाणं. गिरणीत उभ्या असलेल्या माणसाला चार वाजता कुठली फुरसत? तो घरी येऊन एकदाच पोटभर जेवायचा, सोबत चहा.

शब्दशोध: उत्तर इंग्लंडात नुसतं 'टी' म्हटलं तरी संध्याकाळचं जेवण, आणि 'डिनर' दुपारचं. 'टी तयार आहे' याचं 'चहा झालाय' केलंत तर पोरं उपाशी राहतील. सगळं हस्तलिखित या नजरेने तपासा.

माय मराठी: तरी 'चहापान' हा आपला घडवलेला शब्द आहे, तो का टाकायचा?

शब्दशोध: कारण मराठी वाचकाला 'चहापान' म्हटलं की अधिवेशनाच्या आदल्या दिवशीचं मुख्यमंत्र्यांचं चहापान आणि विरोधकांचा बहिष्कार आठवतो. औपचारिक शब्द आहे तो. 'चहापाणी' तर लाचेपर्यंत जातं.

माय मराठी: मग 'उंच चहा' तरी म्हणा. बैठकीतल्या बुटक्या टेबलावरचा तो आफ्टरनून टी, जेवणाच्या उंच टेबलावरचा तो हाय टी.

शब्दशोध: ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे, पक्की नाही. आणि 'उंच चहा' वाचून कुणाला काय कळणार?

भट्टी: 'साय' नको. साय तापवलेल्या दुधावर धरते, पातळ असते. क्लॉटेड क्रीमसाठी घट्ट क्रीमच उथळ भांड्यात चार-पाच सेंटिमीटर ओतून ८० अंशांवर दहा-बारा तास ठेवतात. मग न हलवता गार करून रात्रभर फ्रिजमध्ये. वर सोनेरी कवच येतं. डेव्हनशेजारच्या कॉर्नवॉलच्या क्रीमचं नाव कायद्याने संरक्षित आहे, त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. आपल्याकडचं २५ टक्क्यांचं डबाबंद क्रीम वापरलं तर ते धरतच नाही.

पानकी: पण जुन्या पद्धतीत सुरुवात दुधापासूनच होती! ताजं दूध रुंद पातेल्यात ठेवायचं, मलई वर आली की न ढवळता मंद आचेवर तापवायचं, गार झाल्यावर वरचा थर काढायचा. याला आपण साय काढणंच म्हणतो. 'दाट साय' लिहा.

भट्टी: दाट केली तरी ती भाजल्यासारखी चव सायीला नाही. निदान क्रम तरी सांभाळा. डेव्हनमध्ये स्कोनवर, म्हणजे चहासोबतच्या छोट्या गोल, केकसारख्या पावावर, आधी क्रीम, वर जॅम, कॉर्नवॉलमध्ये उलट.

माय मराठी: स्कोन की स्कॉन?

शब्दशोध: दोन्ही. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडात बहुतेक 'स्कॉन'. स्कॉटलंडमधलं त्याच स्पेलिंगचं गाव मात्र 'स्कून'.

माय मराठी: आपल्याकडे स्कोन केले तर कडक का होतात?

भट्टी: पीठ फार मळल्यामुळे. मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर तीन छोटे चमचे, थंड लोणी ५५ ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, दूध १५० मिलिलिटर, चिमूटभर मीठ. लोणी बोटांच्या टोकांनी चोळा, दूध घातल्यावर जेमतेम गोळा करा. अडीच सेंटिमीटर जाड थापून साचा सरळ खाली दाबा. साचा पिळलात तर कडा चिकटतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. ओव्हन आधी २२० अंशांवर तापलेला हवा, मग बारा ते पंधरा मिनिटं.

अनुवादिका: 'संध्याकाळचं जेवण' परत घातलं. 'क्लॉटेड क्रीम' अजून अडलेलंच आहे.

पानकी: दाट साय.

भट्टी: क्लॉटेड क्रीमच ठेवा.