पगार ठरला तेवढाच, काम मात्र भलतंच. ही फसवणूक की नाही?

ताळेबंद
घरात यावरून रोज वाद होतोय, म्हणून इथे टाकते.

नोकरी धरली ती अकाउंट्सची. मुलाखत धरमपेठच्या ऑफिसात झाली, मालकांनी स्वतः घेतली. जीएसटीची रिटर्नं, टीडीएस, वर्षअखेरीला सीएंसोबत बसून ताळेबंद, रविवारी सुट्टी, असं सगळं बोलणं झालं. मी राहते वर्धमाननगरकडे. तिथून अ‍ॅक्वा लाइनने थेट शंकरनगरला उतरता येतं, हेही मी त्यांना सांगितलं होतं. ‘मग तर उत्तमच’, असं ते म्हणाले.

पहिला पगार व्हायच्या आत मला वाडीच्या गोडाउनला पाठवलं. ‘थोडे दिवस’. तिथला माणूस सोडून गेला म्हणे. तो सोडणार हे माझ्या मुलाखतीच्या आधीच ठरलेलं होतं, हे मला तिथल्या हमालांकडून कळलं. आता दिवसभर बिल्ट्या (ट्रकवाल्याच्या मालाच्या पावत्या), ई-वे बिलं (माल गाडीने न्यायला लागणारी जीएसटीची ऑनलाइन बिलं), गाडी भरताना नग मोजणं आणि ‘कुठे पोचला’ म्हणून ड्रायव्हरला फोन. महिनाअखेरच्या रविवारी स्टॉक मोजणी. वाडीला मेट्रो जात नाही, त्यामुळे अख्खं शहर ओलांडून अमरावती रोडने गाडी चालवत जायचं, पेट्रोल माझं.

पगारात एक रुपया कमी नाही, तारखेला जमा होतो. म्हणून दादाचं म्हणणं, ‘पैसे बरोबर येतात ना, मग फसवणूक कसली?’

मला हे पटत नाही. पगाराचा आकडा मी त्या कामासाठी, त्या ठिकाणासाठी आणि त्या वेळांसाठी मान्य केला होता. आधीच्या सीए ऑफिसात पैसे कमी होते, पण काम शिकायला मिळत होतं. ते सोडलं ते इथे पुढचं शिकायला मिळेल म्हणून. वर्षभराने दुसरीकडे मुलाखतीत विचारतील, ‘जीएसटीच्या टूबीची (खरेदीवरच्या क्रेडिटच्या ऑनलाइन यादीची) जुळवणी करता का? टीडीएसचं रिटर्न स्वतः भरलंय का?’ तेव्हा मी काय सांगू, ट्रकमध्ये किती पेट्या बसतात ते?

प्रोबेशनमध्ये त्यांना मला काढता येतं. मग मी निघाले तर ती बेइमानी कशी? मला तरी यात अपराधी वाटण्यासारखं काही दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं?

गांधीबाग_ठोक
ताई, मी टेबलाच्या पलीकडचा. कापडाचा ठोक धंदा आहे, माणसं मोजकीच. आमच्याकडे अकाउंटंट, वसुलीचे फोन करणारा आणि दिवाळीत काउंटरवर उभा राहणारा माणूस एकच असतो. मोठ्या कंपनीसारखं ‘हे माझं काम नाही’ म्हणायची सोय इथे नाही, कारण ते ‘दुसऱ्याचं काम’ करायला दुसराच नसतो.

आणि गोडाउनला इतकं कमी समजू नका. स्टॉक टॅलीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हिशोबात एक आणि रॅकवर वेगळा, हा रोग तिथेच लागतो. राज्यातल्या राज्यात एक लाखावरचा माल ई-वे बिलाशिवाय निघाला आणि गाडी अडली, तर दंड भरताना मालकाला अकाउंटंटच आठवतो. गोडाउन न पाहिलेले अकाउंटंट मी पुष्कळ पाहिले. बिल सुंदर बनवतात, माल कुठे आहे ते माहीत नसतं. वर्षभर राहा, शिकून निघाल.

ताळेबंद
काउंटरवर मीही उभी राहीन, दादा. दिवाळीची गर्दी समजते. पण हे तुम्ही मुलाखतीत आधी सांगता का?

गांधीबाग_ठोक
साधारण कल्पना देतो. सगळंच सांगितलं तर कोणी येत नाही.

काहून_बे
हे घ्या! आता बोलले मनातलं. सगळं सांगतलं तर कोणी येत नाई, म्हणून अर्धं सांगाचं. मंग ताई दुसरं काय म्हनून रायल्या, राजेहो?

बुटीबोरी_लोकल
मी एचआरमध्ये आहे, कारखान्याच्या बाजूला. शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो.

प्रत्येक वेळी फसवायचा डाव नसतो. पुष्कळदा असं होतं की जागा मंजूर होते तेव्हा गरज एक असते, माणूस येईपर्यंत दुसरी झालेली असते. ऑर्डर गेली, मशीन उशिरा आलं, ज्या साहेबाने माणूस मागितला त्याचीच बदली झाली. नवा साहेब म्हणतो, मला हा नको होता, पण आलाय तर तिकडे लावा. मुलाखत घेणारा आणि काम करवून घेणारा वेगळे असले की हे हमखास होतं. दुसरा प्रकार नोकऱ्या लावून देणाऱ्या कन्सल्टन्सीचा. त्यांचे पैसे उमेदवार रुजू झाल्यावर मिळतात, त्यामुळे कॉलिंगच्या जागेला ‘बॅक ऑफिस’ म्हणायचं आणि घरोघर फिरायच्या जागेला ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’. कंपनीने काय लिहून दिलं होतं आणि उमेदवाराला काय सांगितलं गेलं, हे दोन्ही कागद शेजारी ठेवले तर हसू येतं. (आणि आम्ही ते ठेवत नाही, हेही खरं.)

पण ताई, तुमचं प्रकरण यातलं नाही. मालकांनी स्वतः मुलाखत घेतली आणि गोडाउनची जागा रिकामी होणार हे त्यांना ठाऊक होतं. गोडाउनला बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटर येणारी मुलगी त्या पगारात मिळाली नसती, म्हणून धरमपेठ दाखवलं. याला मी तरी दुसरं नाव देणार नाही.

तरी सोडण्याआधी एक विचारा: ‘थोडे दिवस’ म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत? खरोखर अडचण असलेला माणूस तारीख देतो, चुकली तर पुढची देतो. ज्याला तुम्हाला तिथेच ठेवायचंय तो ‘बघू’ म्हणतो.

पुण्यात_नागपूरकर
माझं मत उलटं आहे आणि ते कडवट वाटेल. राहा. वर्ष काढा.

नागपुरात चांगल्या अकाउंट्सच्या जागा किती? मिहान, बुटीबोरी, हिंगण्यातल्या बऱ्या कंपन्या आणि सीएंची ऑफिसं. सगळे एकमेकांना ओळखतात. दोन-तीन महिन्यांत सोडलं की पीएफच्या खात्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख उमटते, पुढचा विचारतो. तुम्ही खरं कारण सांगाल, त्याला ऐकू येईल ‘हिचं पटत नाही’. मुलाखतीत सांगितलेलं तंतोतंत काम मला आजवर एकाही नोकरीत मिळालेलं नाही. इथे हिंजवडीत आयटीवाले जावाचं प्रोग्रॅमिंग सांगून घेतात आणि टेस्टिंगला बसवतात. लोक बसतात, आतून बदली मागतात, मिळते.

नाइट_हॉल्ट
हिंजवडीत आतून बदली मिळते कारण आत शंभर टीम असतात. ताईंच्या कंपनीत एक ऑफिस आणि एक गोडाउन. बदली मागून जाणार कुठे, ट्रकमध्ये?

मी औषध कंपनीत एमआर होतो, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी. मुलाखतीत ‘नागपूर सिटी’ सांगितलं. धंतोली, रामदासपेठचे दवाखाने डोळ्यांसमोर आणून मी खुशीत. हातात टूर प्रोग्रॅम आला त्यात गोंदिया आणि गडचिरोली, नाइट हॉल्टसकट. फरक एवढाच की आमच्या धंद्यात १९७६ च्या कायद्याने नियुक्तिपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागत होतं. हेडक्वार्टर कागदावर नागपूर होतं, त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक मुक्कामाचा भत्ता मी भांडून घेतला. फिरणं टळलं नाही, फुकट मात्र फिरलो नाही. ताई, तुमच्या पत्रात कामाचं ठिकाण काय लिहिलंय?

ताळेबंद
‘धरमपेठ, नागपूर’. आणि खाली बारीक अक्षरात: ‘कंपनीच्या गरजेनुसार कंपनी सांगेल त्या ठिकाणी व सांगेल ते काम करावे लागेल.’

काहून_बे
हे खालचं वाक्य असलं की वरचं पत्र लिहाले कागद कायले वाया घालवते बे?

कलम_वाचक
खालच्या त्या वाक्याला लोक फार घाबरतात. त्याने मालकाला मोकळीक मिळते हे खरं, पण ती अमर्याद नसते. अकाउंटंटला कायमचं हमालांवर नजर ठेवायला बसवणं ही ‘गरज’ आहे का, यावर वाद घालता येतो.

आता ‘फसवणूक’. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ लबाडीचं आणि कलम १८ चुकीच्या माहितीचं. अशा माहितीवर संमती घेतली असेल तर कलम १९ प्रमाणे ज्याची फसगत झाली त्याला करार रद्द करता येतो. गोडाउनची जागा रिकामी होणार हे माहीत असून लपवलं, हे या चौकटीत बसू शकतं. पण तोंडी बोलणं सिद्ध कोण करणार? हमाल कोर्टात येणार नाहीत, आणि ताईंना कोर्टात जायचंही नाही. उपयोग एवढाच की ‘पगार पूर्ण दिला म्हणजे फसवणूक नाही’ हे ताईंच्या घरच्या दादांचं म्हणणं कायद्याला धरून नाही. कायदा विचारतो की हो कशावर विश्वास ठेवून म्हणालात.

दुसरं, जास्त कामाचं. कामाचे तास, सुट्ट्या, शिफ्ट बदलायच्या तर कामगाराला २१ दिवस आधी सूचना द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम ९अ मध्ये होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० मध्ये आहे. कारकुनी काम करणाराही यात कामगारच, हुद्दा ‘एक्झिक्युटिव्ह’ असला म्हणून सुटत नाही. मात्र ठिकाण बदलणं त्या यादीत नाही. म्हणजे तुमची पकड रविवारवर आहे, वाडीवर नाही.

ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही, असा बाँड सही केलाय का? मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडे आहेत का?

ताळेबंद
बाँड नाही. मूळ कागद मागितले होते, मी झेरॉक्स दिल्या.

कलम_वाचक
छान. बाँड असता तर जपून राहा म्हटलं असतं. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट ग्राह्य धरली. तिथे सरकारी बँकेचा भरतीचा खर्च आणि प्रक्रिया हा मुद्दा होता, प्रत्येक दुकानदाराच्या बाँडला तेच लागू होईल असं नाही. पण ‘बाँड म्हणजे रद्दी’ असं जे सांगत फिरतात त्यांनी तो निकाल वाचावा.

गांधीबाग_ठोक
झालं, कलमं निघाली. लहान धंद्यात माणूस कलमावर टिकत नाही. माझ्याकडचा जुना मुनीम गाठी मारायच्या कामावर आला होता, आज बँकेची कामं तोच पाहतो. पहिल्या महिन्यात त्याने मला कायदा दाखवला असता तर?

बुटीबोरी_लोकल
त्याला तुम्ही गाठी मारायलाच घेतलं होतं ना? मग वर चढला. या ताईंना उलट्या दिशेने पाठवलंय. उदाहरण तुमचं चांगलं आहे, पण ते त्यांच्याच बाजूने जातं.

गांधीबाग_ठोक
बरं, मानलं. पण प्रोबेशनमध्ये पटकन निघून जाणाऱ्यांमुळे आम्हाला काय सोसावं लागतं तेही बघा. जीएसटी रिटर्नची वीस तारीख आली की माणूस फोन उचलत नाही. दुसऱ्या दिवसापासून लेट फी आमच्या डोक्यावर.

ताळेबंद
मी फोन बंद करून पळणार नाही. नोटीस देईन, बिल्ट्यांची फाइल लावून देईन. पण त्या नोटिशीच्या काळात ‘उपकार विसरली’ हे ऐकायचं नाहीये. पुण्याच्या दादांनी पीएफच्या नोंदीचं म्हटलं ते खरं आहे, पण वर्षभर गोडाउनला राहिले तर त्याचीही नोंद होतेच. मग मला त्याच कामासाठी बोलावतील. दोन महिन्यांची नोंद दोन वाक्यांत समजावता येते. वर्ष कसं समजावू?

पुण्यात_नागपूरकर
हा मुद्दा मी धरला नव्हता. तरी दुसरी हातात असल्याशिवाय पहिली सोडू नका. मार्च-एप्रिलमध्ये सीए ऑफिसांना माणसं लागतात, तोवर थांबता आलं तर बघा.

नाइट_हॉल्ट
आधी मेल करा. तोंडी नको. ‘मुलाखतीत ठरल्याप्रमाणे धरमपेठला अकाउंट्सचे काम कधीपासून सुरू होईल ते कळवावे, तोपर्यंत वाडीच्या प्रवासाचा खर्च मिळावा, रविवारच्या कामाबद्दल बदली सुट्टी मिळावी.’ तक्रारीचा सूर नको, तीन मागण्या आणि खाली नाव. उत्तर आलं नाही तरी हा कागद पुढच्या मुलाखतीत कामी येतो.

गांधीबाग_ठोक
मी त्यांच्या जागी असतो तर खरं सांगतो: असा मेल आला असता तर पेट्रोल दिलं असतं, तारीखही दिली असती. पुढच्या वर्षी पगारवाढ मात्र दिली नसती.

ताळेबंद
वाढ कोणत्या कामाची, दादा? अकाउंट्सचं तर मी अजून सुरूच केलेलं नाही.