मरमटीच्या काट्यांवर पिवळ्या गाठी आल्यात, झाडं तोडावीत का?

माणदेशी_सून
नमस्कार मंडळी. आमचं रान सांगोला तालुक्यात. वरच्या बांधाला मरमटीची, म्हणजे बाभळीच्या जातीतली काटेरी झुडपं आहेत, आपोआप उगवलेली. थंडी पडल्यापासून त्यांचे कोवळे शेंडे, काटे, काही शेंगासुद्धा फुगून वेड्यावाकड्या झाल्यात. एरवी पांढराशुभ्र, टोकदार असणारा काटा करंगळीएवढा जाड नि मऊ झालाय. हात लावला की पिवळी-नारिंगी पूड बोटाला लागते. मामंजी म्हणतात, हा तांबेरा आहे, खालच्या हरभऱ्यावर उतरेल, उन्हाळी भुईमूगही जाईल, झुडपं तोडून पेटवून द्या. दुकानदाराने फोटो बघितला न बघितला तोच बुरशीनाशकाची बाटली काढून दिली. मला झाडं तोडायची नाहीत. त्यांत होले घरटी करतात. काय करू?

रानवाटा
किडीच्या गाठी असतील. बाभळीच्या जातीवर असतातच. ब्लेडने मधोमध कापून बघा. आत पोकळी आणि अळी दिसली तर कीड.

माणदेशी_सून
तीन-चार कापल्या. अळी नाही, पोकळी नाही. आत सगळा भरीव गर, आणि वरच्या सालीवर बारीक बारीक वाट्या. पूड त्यांतूनच येते.

जुना_वनस्पतीमास्तर
ताई, मग मामंजींनी ओळखलंय ते बरोबर आहे, तांबेराच हा. वर्णनावरून मरमटीवरचा रॅव्हेनेलिया एस्कुलेंटा वाटतो. पण तो हरभऱ्यावर उतरणार नाही, याची खात्री बाळगा.

तांबेऱ्याची बुरशी जिवंत झाडावरच जगते आणि यजमान, म्हणजे ज्यावर जगायचं ते झाड, निवडण्यात फार काटेकोर असते. हरभऱ्याचा तांबेरा युरोमायसिस वंशातला, भुईमुगाचा पक्सिनिया वंशातला. मरमट, हरभरा, भुईमूग तिन्ही शेंगाकुळातली, म्हणून भीती वाटणं साहजिक आहे. पण हरभऱ्याच्या तांबेऱ्याला मेथीच्या जातीतलं एक रानतण चालतं, मरमट चालत नाही.

मामंजींच्या बोलण्याला आधार आहे हेही सांगतो. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला थंड मुलखात बारबेरीच्या झुडपाचा आसरा मिळतो, म्हणून अमेरिकेत १९१८पासून मोहीम काढून बारबेरी उपटली. तिथे ते योग्यच होतं. तुमच्या बांधावर तसं काही नातं नाही.

रॅव्हेनेलिया सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघितला की माणूस विसरत नाही. त्याचे हिवाळी बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, सुटे नसतात. कितीतरी एकत्र चिकटून वर तपकिरी गोल टोपी होते, खाली देठ, आणि टोपीच्या खालून पारदर्शक फुगे लोंबतात. काचेवर पाण्याचा थेंब टाकला की ते फुगे पाणी पिऊन ताणले जातात आणि फुटतात. मी वर्गात पोरांना हे दाखवायचो तेव्हा सुट्टीची घंटा झाली तरी रांग हलायची नाही.

ही जात १९६१ साली नरसिंहन आणि तिरुमलाचार यांनी जगापुढे मांडली. फुगलेल्या गाठी लोक खातात, हे त्यांनी नोंदवलं, नावातही तेच आहे, एस्कुलेंटा म्हणजे खाण्याजोगी. तांबेऱ्याच्या हजारो जातींत खाण्याजोगी म्हणून नोंदलेली ही विरळाच. तिरुमलाचार आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये संशोधन करत, हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध त्यांच्या कामातूनच आलं. बुरशी मारण्याचं औषध शोधणाऱ्या माणसाने माळावरच्या एका बुरशीचं इतक्या आस्थेने बारसं करावं, याचं मला फार मोल वाटतं.

फवारणी करू नका. पैसे जातील, शिवाय फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांना अपाय होऊ शकतो. आणि मी सांगितलं म्हणून गाठी खायलाही जाऊ नका. नुसत्या वर्णनावरून ओळखलेली बुरशी पोटात घालायची नसते.

रानवाटा
मास्तर, झुडूप मरतं का याने?

जुना_वनस्पतीमास्तर
बुरशीला झाड जिवंतच हवं असतं. शेंडे खुरटतात, फुगलेल्या शेंगांत बी नीट धरत नाही. फार गाठी दिसल्या तर तेवढ्या फांद्या छाटा, बुंध्याला हात लावू नका.

माणदेशी_सून
मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "यंदा राहू दे, पण हरभऱ्यावर नजर ठेव." खालच्या ओळीतली पानं रोज उलटून बघतेय, अजून स्वच्छ आहेत. मास्तर, खात्रीने ओळखून घ्यायला नमुना पाठवायचा तर कसा?

जुना_वनस्पतीमास्तर
वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा, कागद रोज बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, घाम सुटून दुसरीच बुरशी चढते. गाठीसोबत पानं आणि एखादी निरोगी शेंग हवी. मागच्या बाजूला गाव, तारीख आणि झाडाचं नाव पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पसरते.