मदत हवी आहे: अन्नाची पचनचाचणी मातीवर केली, शिशाचा आकडा फारच कमी येतोय

नमस्कार मंडळी,

मी अन्नविज्ञानाची विद्यार्थिनी. मसुराच्या पिठातलं लोह पचनरसात किती सुटतं ते मोजतेय. रक्तात किती पोचतं ते नव्हे, ती जैवउपलब्धता. मी मोजतेय त्याआधीची पायरी, म्हणजे जठर आणि लहान आतड्याच्या रसात किती मोकळं होतं ते. आमच्याकडे सगळे बायोअ‍ॅक्सेसिबिलिटीच म्हणतात.

पद्धत इन्फोगेस्टची, म्हणजे प्रयोगशाळेत पचनाची नक्कल करायची ठरलेली कृती, २०१९ ची सुधारित. कृत्रिम लाळेत २ मिनिटं, पेप्सिन घालून पीएच ३ ला २ तास, मग पॅनक्रिएटिन (स्वादुपिंडातली पाचकद्रव्यं) आणि पित्तक्षार घालून पीएच ७ ला आणखी २ तास. सगळं ३७ अंशांवर.

मसूर सुरळीत चाललाय. घोळ मातीचा आहे. लहान मुलांच्या तोंडात माती जाते, तर शिसं असलेल्या मातीवरही हीच चाचणी करून बघ, असं मार्गदर्शकांनी सुचवलं. ५ ग्रॅम माती घेतली, बाकी सगळं पिठासारखंच. जठराच्या टप्प्याअखेर एकूण शिशापैकी जेमतेम ४ टक्के द्रावणात आलं. आतड्याच्या टप्प्यानंतर तर यंत्राला काही दिसलंच नाही. त्याच मातीची ग्लायसीनवाली चाचणी (मातीतलं शिसं जठरासारख्या आम्लात किती सुटतं ते बघणारी) दुसऱ्या प्रयोगशाळेतून करून घेतली होती, तिथे ६१ टक्के!

तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. यातलं खरं काय मानायचं? आणि अहवालात जठराचा आकडा द्यायचा की आतड्याचा? जाता जाता आणखी एक: नुसत्या ब्लँकमध्येही (नमुना न घालता चालवलेल्या नळीत) थोडं लोह येतंय, ते कुठून?

प्रतिसाद १

आधी दोन गोष्टी सांगा. जठराचा टप्पा *संपताना* पीएच किती होता? आणि आम्ल घातल्यावर मातीतून बुडबुडे आले का?

धागाकर्ती

बुडबुडे कसले, पहिल्या वेळी नळीचं झाकणच उडालं. मला वाटलं पेप्सिनचा फेस असेल. शेवटचा पीएच मोजला नाही. आम्ल किती घालायचं ते मसुराच्या पूर्वचाचणीत ठरवलं होतं, तेवढंच मातीला घातलं. (हे लिहितानाच काहीतरी लक्षात येतंय.)

प्रतिसाद १

आलं ना लक्षात! तुमच्या मातीत चुना आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मसुरासाठी मोजलेलं आम्ल त्यानेच गिळलं. तुमची माती पीएच ३ ला कधी पोचलीच नसणार.

त्यात भर प्रमाणाची. इन्फोगेस्टमध्ये ५ ग्रॅम नमुना जठराच्या टप्प्यात २० मिलीत असतो, म्हणजे एकास चार. ग्लायसीनच्या चाचणीत, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या पद्धत १३४० मध्ये, १ ग्रॅम माती १०० मिलीत जाते. द्रावण ०.४ मोलर ग्लायसीन, पीएच १.५, तासभर गरगर फिरवायचं. शेवटी पीएच अर्ध्या अंकापेक्षा जास्त सरकला असेल तर ते वाचन धरायचं नाही. ही अट तुमच्यासारख्या मातीसाठीच आहे असं समजा.

माती कोणत्या चाळणीतून काढली?

धागाकर्ती

२ मिलिमीटरच्या. मातीच्या नेहमीच्या तपासणीला तीच वापरतात म्हणून.

प्रतिसाद १

इथे ती चालत नाही. हाताला चिकटून तोंडात जाते ती बारीक धूळ, म्हणून १५० मायक्रॉनखालचीच घ्यायची. बारीक कणांवर धातू सहसा जास्त असतो, तेव्हा एकूण शिसंही त्याच चाळलेल्या भागात मोजा. नाहीतर भागाकारात अंश एका मातीचा आणि छेद दुसऱ्या मातीचा.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण आम्लाची चूक सुधारली तरी दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही. पीएच १.५ म्हणजे उपाशी पोट. इन्फोगेस्टचा ३ म्हणजे जेवण पोटात असतानाची सरासरी. रिकाम्या पोटी माती खाल्ली तर शिसं जास्त सुटतं, आणि धोका मोजणाऱ्याला तोच वाईट प्रसंग धरायचा असतो.

जठर की आतडं, याचं उत्तर दोन्ही नमुन्यांना वेगळं आहे. शिशासाठी सहसा जठराचा आकडा देतात, कारण डुकराच्या पिल्लांवरच्या प्रयोगांशी तो जुळवून पाहिलेला आहे. १३४० च्या निकालाला ०.८७८ ने गुणून ०.०२८ वजा करायचे. तुमच्या ०.६१ चे ०.५१ होतात, म्हणजे विरघळलेल्या शिशाच्या क्षाराच्या तुलनेत निम्मं शोषण. आतड्यात पीएच चढला की शिसं कार्बोनेट-फॉस्फेटबरोबर खाली बसतं किंवा मातीच्या कणांना परत चिकटतं, म्हणून तिथे तुम्हाला काही दिसलं नाही.

मसुराच्या लोहाला मात्र जठराचा आकडा फसवा. आम्लात भरपूर लोह विरघळलेलं दिसतं आणि पीएच ७ ला फायटेट (डाळीतलं खनिजं धरून ठेवणारं द्रव्य) त्याला धरून खाली बसतं. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीला, तेव्हा तिथलाच आकडा द्या. वेळ असेल तर एका नळीत जठराच्या टप्प्याआधी क जीवनसत्त्व घालून बघा, फरक डोळ्यांनी दिसेल.

ब्लँकमधलं लोह पॅनक्रिएटिन आणि पित्तातून येतं. ती प्राण्यांच्या अवयवांतून काढलेली द्रव्यं, कोरी कशी असतील? दर खेपेला ब्लँक लावा आणि त्याच खेपेतून वजा करा, जुना आकडा वापरू नका.

जाता जाता: शिसं बांधून ठेवायला त्या मातीत कुणी फॉस्फेट घातलं असेल तर १३४० चा निकाल धरू नका. तशा मातीसाठी ती पद्धत ग्राह्य नाही.

धागाकर्ती

फॉस्फेट घातलेलं नाही, विचारून घेतलं.

दहा दिवसांनी कळवतेय. आधी जुनीच कृती तशीच करून शेवटचा पीएच पाहिला: ५.८! म्हणजे माझ्या ४ टक्क्यांना काही अर्थच नव्हता. मग १५० मायक्रॉनची चाळणी, एकास शंभर, ग्लायसीन. शेवटी पीएच १.६ आणि शिसं ५७ टक्के. सोबत निस्टची (अमेरिकेच्या मापन-प्रमाण संस्थेची) प्रमाणित माती २७११ए पडताळणीसाठी लावली होती, तिचं वाचन ठरलेल्या मर्यादेत आलं. लोहाच्या ब्लँकचंही तुम्ही म्हणता तसंच निघालं, पॅनक्रिएटिनची नवी बाटली उघडली तर आकडा बदलला.

मसुराच्या तक्त्यातून मातीची ओळ काढून टाकलीय, तिचा वेगळा तक्ता होईल. मार्गदर्शकांना अजून सांगायचंय.