पेरूवरच्या जाळीत धामण अडकली. पाखरांना इजा न होता फळं कशी वाचवावी?

तापीकाठचा_परस

राम राम मंडळी. यावल तालुक्यात घरामागे दीड गुंठा परस आहे. 3 पेरू, 2 डाळिंबं, 2 सीताफळं, 1 पपई, कढीपत्ता, आणि वाफ्यात कोथिंबीर, पुदिना, गवती चहा. पेरूला भोकं पडतात, डाळिंबं आतून पोकळ होतात, कोथिंबीर उगवली की खुडली जाते. पेरूवर नायलॉनची मासे धरायची जाळी टाकली होती, तिच्या खालच्या घडीत धामण अडकली. सर्पमित्रांनी सोडवली. जाळी आता काढली आहे. कुणाला इजा नको, पण घरात चार फळंही यावीत. काय करावं?

पऱ्हाटी

जाळी काढली हे फार चांगलं केलं. आता आधी खाणारा कोण ते ओळखा, कारण प्रत्येक भोक पाखराचं नसतं. पडलेलं फळ हातात घेऊन उजेडात बघा.

पोपट कच्चं फळही कुरतडतो, अर्धं खाऊन टाकून देतो. काठ ओबडधोबड तुटलेला दिसतो. बुलबुल फक्त पिकलेल्याला चोच मारतो, एकाच बाजूला खोलगट खड्डा पडतो. खारीच्या दातांच्या बारीक समांतर रेघा सालीवर उमटतात, आणि डाळिंबाला एका बाजूने भोक पाडून ती दाणे काढून नेते. वटवाघळाचं काम रात्रीचं: फळ दुसऱ्या फांदीवर नेऊन चावतं, रस गिळून चोथा थुंकतं, त्यामुळे सकाळी भलत्याच झाडाखाली चोथ्याच्या गोळ्या पडलेल्या असतात.

डाळिंबाला गोल भोक, त्यातून विष्ठा बाहेर आणि घाण वास असेल तर ती फळ पोखरणारी अळी. टाचणीएवढं छिद्र आणि भोवती तपकिरी, मऊ डाग असेल तर रात्री रस शोषणारा पतंग. पेरूत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर फळमाशी. या तिघांपुढे पाखरांसाठी लावलेली मोठ्या घरांची जाळी कुचकामी आहे, आणि दोष मात्र बुलबुलावर जातो.

त्यामुळे झाड झाकू नका, फळ झाका. आपल्याकडे केळीच्या घडाला लावतात त्या स्कर्टिंग बॅगा कृषी केंद्रात मिळतात. एक बॅग कापून, तीन बाजू शिवून वीतभर लांबीच्या पिशव्या करा. पेरू आणि डाळिंब लिंबाएवढं झालं की, फळ कोरडं असताना, देठावर सुतळीने सैल बांधा. घट्ट बांधलं तर देठ जाड होताना आवळतो आणि फळ गळतं. फळमाशीने अंडी घातल्यावर पिशवी बांधली तर अळ्या आतच वाढतात, म्हणून उशीर नको. पिशवीने माशी, पतंग आणि बुलबुल बहुतेक थांबतात. खार आणि पोपट पिशवी फाडू शकतात, तेवढी चार फळं त्यांची.

किडकी फळं झाडाखाली ठेवू नका, दीड-दोन फूट खोल पुरा. पेरूचं पावसाळ्यात पिकणारं फळ फळमाशीच्या तोंडी जातं. घरापुरता मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणारा फुलोरा, धरला तर हिवाळ्यात फळ स्वच्छ मिळतं.

भोकर_आणि_उंबर

पऱ्हाटीभाऊंचं बरोबर आहे. जाळी लावायचीच असेल तर नियम एकच: करंगळी आत जाणार नाही इतकी बारीक घरं, पांढरा रंग, आणि ताणून बसवलेली. चार बांबूंची चौकट करून जाळी फळापासून हातभर लांब ठेवा, खालचा काठ विटांनी दाबा. साप अडकतो तो जमिनीवर पडलेल्या सैल घडीत. सुटायला पुढे सरकतो तसा धागा खवल्यांखाली रुततो, मागे येता येत नाही. पुन्हा असं झालं तर सर्पमित्र किंवा वनखात्याची हेल्पलाइन 1926. स्वतः धागा ओढू नका.

सीताफळ आणि पपई झाडावर पिकू देऊ नका, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. सीताफळाचे डोळे उघडून मधली घळ पिवळसर झाली की काढा आणि धान्यात किंवा गवतात ठेवा. पपईवर पिवळी रेघ दिसली की कागदात गुंडाळून घरात.

तापीकाठचा_परस

कागदात गुंडाळलेली पपई गोड होते का? आणि कोथिंबीर व कढीपत्त्याचं काय?

भोकर_आणि_उंबर

रेघ आलेली होते. पूर्ण हिरवी तोडली तर फिकी राहते.

पऱ्हाटी

कोथिंबिरीचे कोंब होले आणि चिमण्या टिपतात. धणे रगडून दोन फाका करा, 12 तास भिजवा, पेरल्यावर वाफ्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या आडव्या-उभ्या अंथरा. कोंब साधारण 8 ते 12 दिवसांत वर येतात. रोप चार बोटं झालं की पऱ्हाट्या उचला. मांजरं आणि कोंबड्याही उकरत नाहीत. उन्हाळ्यात पुदिन्यावर 50 टक्क्यांची शेडनेट हवीच, पण तीही ताणून.

कढीपत्त्यावर पाखराच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते. मोठी झाली की हिरवी होते आणि दोन-तीन अळ्या लहान रोप बोडकं करतात. पानासकट उचलून मोठ्या बेलावर किंवा लिंबावर सोडा, तिथे चार पानं गेली तरी झाडाला काही वाटत नाही. फवारा मारू नका, कढीपत्ता आपणच खातो.

सातपुडा_पायथा

एक गोष्ट राहिली: पाणी. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा पाखरं तहानेनंही फळाला टोचा मारतात. मातीचं उथळ भांडं, दोन इंच पाणी, मधोमध एक दगड, फळझाडांपासून 20 फूट दूर, सावलीत. रोज घासून पाणी बदला. मार्च उजाडायच्या आत ठेवा.

आणि कुंपणाच्या कोपऱ्यात पाखरांसाठी तुती लावा.

पऱ्हाटी

तुती ठीक. सिंगापूर चेरी मात्र पेरूजवळ नको, वटवाघळं रोज तिथेच येतील आणि पेरूही चाखतील. लावायची तर परसाच्या पार टोकाला. वटवाघळानं किंवा पाखरानं अर्धं खाल्लेलं फळ उरलेला भाग कापूनही खाऊ नका, खड्ड्यात टाका.

सातपुडा_पायथा

हो, हे मान्य. वानरांची टोळी येत असेल तर पिशवी पुरणार नाही. दोन झाडं सहा-सात फुटांवर छाटून त्यांना वरून आणि चारही बाजूंनी वेल्डमेशचा (जाड तारेच्या जाळीचा) पिंजरा करा. खर्चिक आहे, पण बाकीचे उपाय चार दिवसांत त्यांना कळतात. भाकरीचा तुकडा कधीच टाकू नका, आणि कुंपणात घरच्या विजेचा करंट तर मुळीच नको. माणूसही मरतो.