लिनक्सवर कीबोर्ड कधी अक्षर गाळतो, कधी दोनदा उमटवतो

प्रश्न
लॅपटॉपवर डेबियन लिनक्स, नोम डेस्कटॉप, वेलँड डिस्प्ले सेशन. बाहेरून तारेचा यूएसबी मेकॅनिकल कीबोर्ड. टायपिंग जरा थांबवून पुन्हा सुरू केलं की पहिलं अक्षर उमटतच नाही. शिवाय फक्त 'ई'ची की मधूनच दोनदा उमटते. पोर्ट बदलला, फरक नाही. शोध कुठून सुरू करावा?

उत्तर
सेटिंग्ज चाळत बसण्याआधी अक्षर नेमकं कुठे हरवतंय ते बघा. इव्हीटेस्ट (कीबोर्डकडून येणारा प्रत्येक दाब दाखवणारं टूल) इन्स्टॉल करून सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, चालवा आणि यादीतून कीबोर्ड निवडा. एकाच कीबोर्डच्या दोन-तीन नोंदी दिसतील. की दाबल्यावर जिच्यात ओळी धावतात ती खरी. ओळीच्या शेवटची व्हॅल्यू १ म्हणजे की दाबली, ० म्हणजे सोडली, २ म्हणजे की दाबून धरल्याने झालेली पुनरावृत्ती.

गळालेल्या अक्षराची ओळ इथेही नसेल तर दोष कीबोर्ड, केबल किंवा यूएसबीच्या बाजूला. इथे ओळ आहे पण एडिटरमध्ये अक्षर नाही, तर गडबड वरच्या थरात, म्हणजे डेस्कटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये. दुहेरी अक्षराला १-०-१ असा क्रम काही मिलिसेकंदांत आला तर कीखालचा स्विच थरथरतोय, म्हणजे एकाच दाबात त्याचा संपर्क तुटून परत जुळतोय. बोटाने इतक्या झटपट दोनदा दाबता येत नाही.

दुसरं उत्तर
वरच्या थरात निघालं तर आधी ॲक्सेसिबिलिटीमधल्या 'स्लो कीज' बघा. शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली तर त्या आपोआप चालू होऊ शकतात, आणि मग क्षणभरच टिकणारे दाब सगळे गायब. फक्त मराठी लिहिताना अक्षरं गळत असतील तर आयबस (मराठी टायपिंग सांभाळणारा प्रोग्रॅम) रिस्टार्ट करा.

प्रश्नकर्ता
पहिल्या अक्षराची इव्हीटेस्टमध्ये ओळच नाही. 'ई'ला १, ० आणि साधारण ८ मिलिसेकंदांनी परत १. बॅटरीसाठी पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या टूलचं ऑटो-ट्यून बूटच्या वेळी सर्व्हिसमधून चालतं.

पहिलं उत्तर देणारा
मग हे दोन वेगळे बिघाड आहेत.

ऑटो-ट्यून यूएसबी उपकरणांच्या पॉवर/कंट्रोल फाईलमध्ये 'ऑटो' लिहितं. डीफॉल्टने दोन सेकंद हालचाल नसली की कीबोर्ड झोपतो. पुढच्या दाबाने तो जागा होतो, पण काही कीबोर्डांचं फर्मवेअर (कीबोर्डच्या आतला प्रोग्रॅम) नेमका तोच दाब गिळतं. सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांच्या सेटिंग्ज फाईलरूपात दाखवतो तिथे) कीबोर्डच्या त्या फाईलमध्ये हाताने 'ऑन' लिहून खात्री करा. कायमच्या इलाजासाठी बरेच जण युडेव्ह रूल (उपकरण जोडलं की आपोआप लागू होणारा नियम) सुचवतात, पण तुमच्याकडे पॉवरटॉप नंतर चालून तो पुसून टाकेल. त्यापेक्षा त्याच सर्व्हिसमध्ये एक्झेक-स्टार्ट-पोस्टची (सर्व्हिस सुरू झाल्यावर चालणाऱ्या कमांडची) ओळ घाला आणि तिथून 'ऑन' लिहा. पोर्ट बदलला की सिसएफएसमधला पत्ताही बदलतो, म्हणून उपकरण व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडीवरून शोधा.

'ई'साठी: हॉट-स्वॅप बोर्ड (ज्यातले स्विच सोल्डरिंगशिवाय काढता येतात) असेल तर तो स्विच काढून स्क्रोल लॉकच्या स्विचशी अदलाबदल करा. दोष स्विचबरोबर गेला तर स्विचच बदला. 'ई'पाशीच राहिला तर सॉकेट किंवा सोल्डर तपासा. फर्मवेअर क्यूएमके (स्वतः बदलता येणारं मुक्त फर्मवेअर) असेल तर डीबाउन्स, म्हणजे थरथर दुर्लक्षित करण्याचा अवधी, डीफॉल्टने ५ मिलिसेकंद असतो, तुमची थरथर त्यापलीकडची आहे. १० किंवा १२ करून फर्मवेअर कीबोर्डमध्ये पुन्हा भरा (फ्लॅश करा). लिनक्समधल्या लिबइनपुट या इनपुट लायब्ररीकडून आशा नको, त्याचं डीबाउन्सिंग माऊसच्या बटणांपुरतंच.

यातलं काहीच शक्य नसेल तर नोमच्या 'बाउन्स कीज' (तीच की लगेच पुन्हा दाबली तर दुसरा दाब टाळणारी सोय) आहेत, पण त्यांचा डीफॉल्ट ३०० मिलिसेकंद. भरभर लिहिताना मुद्दाम लागोपाठ दोनदा लिहिलेलं तेच अक्षरही त्यात जाईल. जीसेटिंग्ज या कमांडने बाउन्सकीज-डिले ३० ते ४० वर आणा.