लहान गावातील फौजदारी खटला आणि वकिलाची निवड

लहान गावात फौजदारी खटला उभा राहिला तर वकील कोणता घ्यावा, यावर दोन मते ऐकू येतात : गावातलाच वकील घ्यावा, कारण त्याला तेथील न्यायालयाची रीत ठाऊक असते, किंवा बाहेरचा घ्यावा, कारण तो कोणाच्या भिडेत नसतो. माझ्या मते निवड केवळ यावर होऊ नये. आपल्यावरील आरोपासारखे खटले ज्याने निकालापर्यंत चालवले आहेत, त्याला प्राधान्य द्यावे. जामीन मिळवणे आणि साक्षीदाराची उलटतपासणी घेणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत.

लहान गावात मात्र एक प्रश्न पहिल्याच भेटीत, प्रकरणाचा तपशील सांगण्यापूर्वी विचारायलाच हवा : फिर्यादी, महत्त्वाचे साक्षीदार किंवा त्यांच्या घरचे यांपैकी कोणाचे काम आपण पूर्वी केले आहे काय, अथवा सध्या करत आहात काय? तेथे वकील मोजकेच असल्यामुळे हितसंबंधांचा असा संघर्ष सहज उद्भवतो, आणि खटला निम्म्यावर आल्यानंतर तो उघड झाला, तर नवा वकील नेमून त्याला सारे प्रकरण पुन्हा समजावून द्यावे लागते. फी किती, तीत अपील धरले आहे काय आणि सुनावणीला कोण उभे राहणार, हे लेखी घ्यावे. सुटकेची हमी देणारा वकील टाळावा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो : शेजाऱ्यापाजाऱ्यांजवळ घटनेची चर्चा करू नये. वकिलाशी झालेले बोलणे गोपनीय राहते. मित्राला मात्र साक्षीसाठी बोलावता येते.