पुढच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलावं का? घन, प्रेस की सरळ गॅरेज

गोदाकाठ, परभणी
विषय फक्त पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या छोट्या गाड्यांचा: स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन वगैरे. यांत बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या चाकामागच्या धातूच्या तुकड्यात, दाबून बसवलेलं असतं, त्याच्या पोटात हब (चाक ज्याला बोल्टनं बसतं तो) दाबलेला असतो आणि हबमधून ड्राइव्हशाफ्ट (इंजिनाचा जोर चाकाला देणारा दांडा) जातो. माझं म्हणणं असं: नकल घरी उतरवा, बेअरिंग लेथवाल्याच्या हायड्रॉलिक प्रेसवर बदलून आणा, जोडणी पुन्हा घरी करा. सगळंच घरी ठोकणारे आणि पान्ह्याला हातही न लावणारे, दोन्ही बाजूंनी बोला.

निदान मात्र घरीच व्हायला पाहिजे, कारण टायरचा आवाज आणि बेअरिंगचा आवाज यांत लोक लई गोंधळतात. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते, गाडी न्यूट्रल केली तरी राहते. मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगात गाडी हलकेच उजवीकडे घेतली की वजन डाव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर. टायर वेडावाकडा झिजला असेल तर त्याचा सूर वळणावर फारसा बदलत नाही, पण डांबर सोडून सिमेंटच्या रस्त्याला लागलात की लगेच बदलतो. पूर्ण वळण घेताना कटकट यायली तर ते शाफ्टच्या जॉइंटचं दुखणं.

मग चाक उचला, गाडी घोडीवर (गाडी तोलून धरणाऱ्या स्टँडवर) ठेवा, एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्यानं चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, सापडला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा: खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (नकल आणि खालचा आर्म जोडणारा गोल सांधा) बघा.

पान्हा_सतरा, लातूर
निदान बरोबर, पण लेथवाल्याचे पाय कशाला धरायचे? २० मिलिमीटरचा हाय-टेन्साइल बोल्ट, त्याचा नट, जाड वॉशर आणि जाड पाइपचे दोन तुकडे एवढ्यात काम होतं. एक तुकडा बेअरिंगच्या बाहेरच्या रेसपेक्षा (रेस म्हणजे बेअरिंगची कडी, बाहेरची एक, आतल्या दोन) थोडा मोठा, जुनं बेअरिंग त्यात ओढून घ्यायला. दुसरा बाहेरच्या रेसच्या मापाचा, नवं आत ओढायला. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा आणि पान्ह्यानं सावकाश आवळत जा.

नवं बेअरिंग पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. हिशोब सोपा आहे: ७० मिलिमीटर व्यासाचं पोलाद ४० अंशांवरून उणे १५ वर गेलं की साधारण ०.०४५ मिलिमीटर आकसतं. मे महिन्यात नकल दुपारभर उन्हात ठेवली तर तीही थोडी फुगते. एवढ्यानं बेअरिंग अलगद पडणार नाही, पण जोर बराच कमी लागतो.

घाई_नको, नांदेड
भाऊ, तुमच्या हिशोबात हब कुठं गेला? हब ठोकून काढला की बाहेरच्या बाजूची आतली रेस हबवरच चिकटून निघते. ती काढायला तुमचा बोल्ट कामाचा नाही. पुलरची चिमटी रेसखाली जायला जागा नसते, मग ग्राइंडरनं तिरका काप घेऊन छिन्नीनं तडकवावी लागते. काप दोन केस जास्त गेला की हबच्या गळ्यावर चीर. तिथंच नव्या बेअरिंगची रेस बसते.

दुसरं, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा. आजच्या बऱ्याच बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची पट्टी असते, डोळ्यांना नुसतं काळं-तपकिरी रबर दिसतं. ती बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडं यायला पाहिजे. उलटं बसवलं तर एबीएसचा दिवा विझत नाही, आणि दाबून बसवलेलं बेअरिंग पुन्हा काढलं म्हणजे ते भंगारच. एका आवाजासाठी दोन बेअरिंगं घ्यायची का?

आणि गाडी उभी कुठं करणार? काळ्या मातीच्या अंगणात जॅक सरकतो, पावसाळ्यात तर रुततो. फरशी नाही, घोडी नाही, टॉर्क रेंच (ठरल्या मापानं आवळणारा पान्हा) नाही, तर सरळ गॅरेज. यात कमीपणा कसला?

लेथपट्टी, जालना
दोघांनी खरं दुखणं सोडलं. नवं बेअरिंग महिन्या-दोन महिन्यांत परत घरघरतं, त्याचं कारण बहुतेक वेळा बेअरिंग नसतं, दाबायची चूक असते. नियम एकच: जी रेस घट्ट बसतेय तिच्यावरच दाब. बेअरिंग नकलमध्ये घालताना दाब फक्त बाहेरच्या रेसवर. हब बेअरिंगमध्ये घालताना खालून आधार आतल्या रेसला. उलटं केलं की सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि रेसवर बारीक खड्डे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, ६० च्या वेगात ऐकू येतात. पान्हा_सतरा, तुमच्या बोल्टनंही हे बिघडतं, जर हब ओढताना मागचा वॉशर बाहेरच्या रेसवर टेकला तर. आणि घनानं तर हमखास.

सर्क्लिप, म्हणजे नकलच्या खाचेत बसून बेअरिंगला अडवणारी कडी, विसरू नका. ती न काढता प्रेस चालवला तर नकलची खाच फुटते. जुनी सर्क्लिप गंजली असेल तर नवी घ्या. बेअरिंग जाण्याआधी नकलचं भोक पुसा, त्यात बोट फिरवा. जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस आत फिरली असेल तर भोक गुळगुळीत चकचकीत होतं. मग नवं बेअरिंग हातानंच अर्धं आत जातं, आणि लोक खूश होतात! तिथं पंच मारून टोचे पाडायचे किंवा लोकटाइट (पक्कं चिकटवणारं रसायन) लावायचं हा जुगाड आहे, नकल बदला.

लेथवर येणाऱ्या नकला चिखलासकट येतात, त्यात एबीएसचा सेन्सर लटकलेला. तेवढं तरी घरी साफ करून आणत जा की ओ.

गोदाकाठ, परभणी
लेथपट्टींचं सगळं मान्य, म्हणून तर दाबायचं काम तुमच्याकडं. आता घाई_नको यांच्यासाठी उतरवण्याचा क्रम, म्हणजे हे किती अवघड ते कळेल.

चाक जमिनीवर असतानाच शाफ्टचा नट फक्त ढिला करा, मोकळा नाही. आधी त्याची ठोकलेली कड पंचानं सरळ करा, नाही तर शाफ्टचे आटे जातात. बऱ्याच छोट्या गाड्यांत ३० किंवा ३२ चा सॉकेट लागतो, सोबत हातभर लांब दांडा. मग गाडी घोडीवर. कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा जबडा) काढून तारेनं स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. डिस्क, एबीएसचा सेन्सर, टाय रॉडचा (स्टिअरिंगच्या दांड्याचा) एंड, लोअर आर्मचा बॉल जॉइंट, शेवटी शॉकअपचे दोन बोल्ट. शॉकअपचे बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर खडूनं नव्हे, अणकुचीदार खिळ्यानं खूण करा. सेन्सर गंजून बसला असेल तर आदल्या दिवशी डब्ल्यूडी-४० मारा आणि गोल फिरवत काढा. पक्कडीनं ओढला तर डोकं तुटून आत राहतं. शाफ्ट हबमधून मागं ढकलताना नट शेवटच्या आट्यावर ठेवून त्यावर लाकूड धरा, आटे वाचतात. शाफ्ट बाहेर ओढू नका, आतला जॉइंट निसटतो.

जोडताना शाफ्टचा नट नवीनच. तो एकदाच कड ठोकून बसवायचा असतो. आवळण मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत १७५ ते २०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतं. आणि नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडी चाकावर उतरवायची नाही, ढकलायचीही नाही. त्या नटानंच दोन्ही आतल्या रेस एकमेकींना चिकटून राहतात. ढिल्या नटावर वजन आलं की नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी मार खातं. म्हणून दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला लावून गाडी वर असतानाच आवळा.

घाई_नको, नांदेड
क्रम चोख आहे, पण त्यानं माझंच म्हणणं पक्कं होतंय. टॉर्क रेंच २०० च्या पुढं जाणारा लागणार, सॉकेट लागणार, बॉल जॉइंट काढायचा पुलर लागणार, वरून व्हील अलाइनमेंट. बॉल जॉइंटवर हातोडा मारला तर त्याचं रबर फाटतं, मग आणखी एक काम. आयुष्यात दोनदा लागणाऱ्या हत्यारांत पैसे अडकवून काय वाचलं?

पान्हा_सतरा, लातूर
हत्यारं एकट्यानं कशाला घ्यायची, तीन-चार घरांत मिळून घ्या. आधाराचा मुद्दा मात्र लेथपट्टींचा खरा. हब ओढताना आतल्या रेसच्या मापाचा पाइपचा तिसरा तुकडा ठेवायचा, हे मी लिहायचं राहिलं. रेस हबवर अडकली तर ती आणि हब तेवढा लेथवर न्यावा, नकल घरीच. बोल्टची पद्धत मी सोडत नाही. तिच्यात दाब सावकाश येतो, आणि बेअरिंग तिरकं जायलंय हे हाताला कळतं. बाजारातला प्रत्येक प्रेसवाला लेथपट्टींसारखा नसतो.

खडीचा_रस्ता, बीड
सगळे स्विफ्टवरच अडकलेत. जुनी सुमो-बोलेरो असेल तर काहून एवढी चर्चा? तिथं दोन टेपर रोलर (गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेली) बेअरिंगं, एक सील आणि एक नट. रेस पितळी पंचानं चोहीकडून सारखी ठोकून बसवता येते, प्रेस लागत नाही. ग्रीस बोटानं बाहेरून फासायचं नाही. तळहातावर घेऊन बेअरिंगच्या जाळीत दाबायचं, दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत. हबची पोकळी ठासून भरू नका, तापून सील ढकलतं. चाक फिरवत नट आवळा, मग थोडा मागं घ्या. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि खेळ हाताला जेमतेम जाणवला पाहिजे. नट अडवणारी कॉटर पिन नवी. बेअरिंग घेताना रेससकट जोडीच घ्या, जुन्या रेसवर नवे रोलर टिकत नाहीत.

लेथपट्टी, जालना
बीडचं बरोबर, ते काम अंगणातलं आहे. नांदेडनं अलाइनमेंट म्हटलं, तेही बरोबर. शॉकअपचे बोल्ट सुटले की ती करायचीच.

दुसऱ्या बाजूचं बेअरिंगही सोबत बदलायचं का, हा प्रश्न हटकून येतो. गरज नाही. ते गुळगुळीत फिरत असेल तर राहू द्या. पण गाडी पुरात किंवा नाल्याच्या पाण्यात हबपर्यंत बुडाली असेल तर दोन्ही तपासा. गरम बेअरिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या कडेनं पाणी ओढलं जातं. वॉशिंगवाल्याला सांगा, प्रेशरची नळी शाफ्टच्या नटावर रोखू नको.

बेअरिंग घेताना खोक्यावरचा आणि रेसवर कोरलेला नंबर जुळवून बघा. कोरलेली अक्षरं पुसट, खोका नवाकोरा आणि भाव निम्मा असेल तर ते परत द्या. एसकेएफचं खरं-खोटं तपासायचं ॲप आहे, दुकानात उभं राहूनच फोटो काढा.